एकशे सोळा, दहा, आठ

आमच्या राजेश्वरच्या म्हाताऱ्यांना निजामाच्या हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शनबद्दल विचारलं की गोष्ट 14 सप्टेंबर 1948 च्या दुपारी सुरू होते. आदल्या दिवशी सोलापूरकडून निघालेली भारताची फौज नळदुर्ग घेऊन उमरग्यापर्यंत आली होती. उमरग्याहून आमचं गाव पूर्वेला तीस मैल. वाटेत दबा धरून बसलेल्यांवर टेम्पेस्ट विमानांनी मारा केला, सडक मोकळी झाली आणि दुपारी फौज राजेश्वरात शिरली. 17 तारखेला हैदराबादने शरणागती दिली. एवढं पुस्तकांतही सापडतं. म्हातारे त्यात आपापली भर घालतात. कोण तुरीत लपलं, कोणाची म्हैस विमानाच्या आवाजाने दावं तोडून पार ओढ्यापलीकडे पळाली, वगैरे. आधीच्या वर्षभरातला रझाकारांचा धुमाकूळ सगळेच सांगतात. नंतरच्या काही आठवड्यांत आमच्या या जिल्ह्यांतल्या मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, ते सुंदरलाल समितीने दिल्लीला लिहून कळवलं. त्याबद्दल मात्र ओसरीवर कोणी बोलायचं नाही.

आमच्या घरी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची. आज्जा तेव्हा एका आडत दुकानावर मुनीम होते. शेठजी कुटुंब घेऊन पाहुण्यांकडे निघून गेलेले आणि किल्ल्यांचा जुडगा आज्जांच्या कमरेला. तिजोरीत हाली होती, म्हणजे निजामाच्या नोटा आणि चारमिनारचे रुपये. ज्याचं राज्य त्याचा रुपया. आता राज्यच गेलं, तर रुपयाचं काय? रणगाडे बघायला गेलेली माणसं परत आली ती हाच सवाल घेऊन. चांदीचे रुपये बायकांनी गाडग्यात घालून चुलीमागे पुरले. कागदी नोट मात्र जो तो दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघत होता. वर्षानुवर्षं तोंड चुकवणारे कुळवाडी आपणहून दुकानाची पायरी चढू लागले. आज्जा म्हणायचे, "त्या आठवड्यात गावात जेवढी उधारी फिटली, तेवढी साऱ्या जन्मात फिटली नसंल." चांगला पैसा दडतो आणि संशयातला पैसा पळत सुटतो, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे ते वहीत जमा होत होतं.

ती वही मी पाहिली आहे. लाल कापडाची बांधणी, मोडी अक्षर, एका बाजूला हाली आणि दुसऱ्या बाजूला कलदार. कलदार म्हणजे इंग्रजी मुलखाचा रुपया. सोलापूरचा कापडवाला कलदारात बोलायचा, गावचा कुळवाडी हालीत, आणि मधला हिशेब मुनिमाचा. सात हालीला सहा कलदार, म्हणजे शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. 116-10-8 हा आकडा त्या वहीत पानोपानी आहे. आज्जांना तो झोपेतून उठवून विचारला तरी यायचा, आणि आम्हा नातवंडांना पाढ्यांच्या शेवटी तो म्हणावा लागे. तोवर पै चलनातून जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

निजामाचा रुपया मोठ्या ऐटीचा. सालारजंगाच्या काळात, 1857-58 च्या सुमाराला, दिल्लीच्या बादशहाचं नाव नाण्यावरून गेलं आणि हाली सिक्का आला. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा 1918 मध्ये हैदराबादने दहाच्या आणि शंभराच्या नोटा काढल्या, पुढच्या वर्षी एकाच्या आणि पाचाच्या. 1941 मध्ये कायदा करून हैदराबाद स्टेट बँक उभी केली आणि चलनाचा कारभार तिच्याकडे दिला. स्वतःची टांकसाळ, स्वतःच्या नोटा, स्वतःची बँक, सरहद्दीवर स्वतःचे करोडगिरीचे नाके. वरवर बघता चलनही आपल्या हातात आणि तिजोरीही आपल्या हातात. पण हाली आणि कलदार एका जुवाला जुंपलेले दोन बैल होते. कलदार उधळला की हालीला त्याच्याबरोबर पळावंच लागे.

दुसऱ्या महायुद्धात तो उधळला. इंग्रज सरकार फौजेसाठी इथून कापड, धान्य, कातडं, लाकूड उचलत होतं. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडात जमा व्हायचे. त्या जमेच्या आधारावर इथे रिझर्व्ह बँक नोटा छापून माल देणाऱ्यांचे हात भरायची. 1939 मध्ये सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या, लढाई संपेपर्यंत त्या सहापटींच्या वर गेल्या. माल मात्र सहापट झाला नव्हता. उलट जो होता त्यातलाही बराचसा रेल्वेच्या वाघिणीतून बंदरावर गेला होता. सरकार आणि लोक मिळून जेवढी खरेदी करू बघतात, तिला अर्थशास्त्री एकूण मागणी म्हणतात; सरकारने खर्च वाढवला आणि नोटा छापल्या की ती वाढते. देशभर पिकणारं आणि बनणारं सगळं मिळून एकूण पुरवठा. पहिली वाढली आणि दुसरा आटला की मधल्या फटीतून महागाई वर येते. आज्जीचं लग्न त्याच सुमाराचं. तिच्याकडे याची एकच ओळ होती : "हातात पैसा व्हता रे बाबा, दुकानात लुगडं नव्हतं." गुलबर्ग्याची मिल दोन दिवसांच्या वाटेवर, पण तिथलं कापडही कंट्रोलात गेलेलं. तिच्या लग्नात वरमाईचं लुगडं शेजारणीकडून मागून आणलेलं होतं आणि तिसऱ्या दिवशी धुऊन परत करावं लागलं. हे ती ऐंशी वर्षांची होईपर्यंत विसरली नाही.

त्याच काळात निजाम सरकारने धान्याची लेव्ही बसवली. पटवारी खळ्यावर यायचा, मापं मोजायचा आणि सरकारी भावाने ज्वारी उचलायचा. शहरं जगवायला हे लागतं हे मला मान्य आहे. पण सरकारी भाव जुना आणि बाजारातला कापडाचा, मिठाचा भाव नवा, हा सौदा ज्याच्या खळ्यावर झाला त्याला कर भरल्यासारखाच वाटला, आणि तो करच होता. ज्याचं खळं मोठं आणि पटवाऱ्याशी घसट, त्याची मापं कमी भरायची. आज्जा हे सांगताना मान खाली घालायचे. त्यांच्या शेठजींचं खळं मोठं होतं.

मग 1947 चा डिसेंबर आला. हिंदुस्थान आणि हैदराबाद यांच्या जैसे थे करारावर सह्या होऊन महिनाही झाला नव्हता आणि हैदराबादने दोन वटहुकूम काढले. सोनंचांदी राज्याबाहेर न्यायला निर्बंध आणि हिंदी रुपया राज्यात अग्राह्य. दिल्लीत त्यावर मोठी पत्रापत्री झाली. आमच्या सडकेवर झालं ते एवढंच, की सोलापूरचा व्यवहार ठप्प झाला. आज्जांच्या वहीतला कलदाराचा रकाना त्या महिन्यांत कोरा आहे. 1948 उजाडल्यावर हिंदुस्थानकडून येणारा मालही आटत गेला. रॉकेल, पेट्रोल, औषधं, मीठ. दिल्ली म्हणे नाकेबंदी नाही, हैदराबाद म्हणे आहे. गावात दिवे करडईच्या तेलावर लागले. आज्जी सांगायची, मिठाचा खडा कालवणात न टाकता पुरचुंडीत बांधून कढीत बुडवायचा आणि काढून ठेवायचा. हे खरं की तिच्या सांगण्याची लज्जत, ते मला ठरवता आलेलं नाही. पण नीट पाहिलं तर युद्धातली महागाई आणि ही महागाई यांत फरक आहे. तेव्हा पैसा वाढून भाव चढले होते. आता पैसा तोच होता, माल यायची वाट बंद झाली होती. एक मागणीकडून आलेली, दुसरी पुरवठ्याकडून. बाजाराला जाणाऱ्या बाईला दोन्हींचा चटका सारखाच. औषध मात्र वेगवेगळं लागतं, आणि राज्यकर्ते इथेच पुन्हा पुन्हा फसतात.

शरणागतीनंतर मेजर जनरल चौधुरींचा लष्करी अंमल आला आणि हालीचं काहीच बिघडलं नाही. सातास सहाचा भाव कायम राहिला. घाईघाईने नोटा उधारीत घालवलेली माणसं चरफडली, आणि त्या मुकाट्याने घेऊन ठेवल्या म्हणून आज्जांचे शेठजी परत आल्यावर मुनिमाच्या पाठीवर हात ठेवते झाले. खरा बदल सावकाश आला. 1 एप्रिल 1950 ला संस्थानांची तिजोरी केंद्राच्या तिजोरीत मिळाली. प्राप्तिकर दिल्लीकडे गेला. पुढे नवी हाली निघणं थांबलं आणि 1959 मध्ये ती पुरती बाद झाली. मधे 1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली. बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात. 1957 ला नवे पैसे आले. दहा-अकरा वर्षांत एका मुनिमाच्या हातून हाली गेली, कलदार गेला, आणे-पै गेले, फसली सन गेला, राज्यही बदललं. आज्जा कन्नड सही शिकले ती पन्नाशीत.

   

आता आत्याबाईची गोष्ट. ती उमरगा तालुक्यात दिलेली. मधे पंचवीस-तीस मैलांचं अंतर, पण 1956 नंतर ती दुसऱ्या राज्यात. 1972 चा दुष्काळ दोन्हीकडे सारखाच पडला. ढगांना राज्याची हद्द नसते. पण महाराष्ट्राने तेव्हा हात सैल सोडला. पाझर तलाव, रस्ते, बांध, खडी फोडणं. मे 1973 मध्ये त्या राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. आमच्याकडेही कामं निघाली, पण आत्याबाईकडच्यासारखी गावोगाव नाहीत. माझी आई लहान मूल कडेवर घेऊन नणंदेकडे जाऊन राहिली आणि तिथे खडी फोडून आली.

आत्याबाई म्हणायची, "पाऊस न्हवता, पीक न्हवतं, पर बाजार भरायचा." या वाक्यात राजकोषीय धोरणाचा अख्खा धडा आहे. तो ती सांगायची असा : शनिवारी मुकादम हजेरीपटावर अंगठे घेऊन पैसे वाटायचा, दिवसाला दोन-तीन रुपये पडायचे. त्यातले निम्मे रेशनच्या दुकानात लाल मिलोला जायचे, अमेरिकेतून आलेल्या त्या बेचव ज्वारीला. उरल्यातले काही मिरचीवालीला, आठ आणे कासाराला, कारण नणंद-भावजय दोघींच्या बांगड्या खडीने फुटलेल्या. मिरचीवाली त्याच पैशातून रॉकेल घ्यायची, कासार चहा प्यायचा, चहावाला मिलो घ्यायचा. सरकारने टाकलेला एक रुपया रविवार उजाडेपर्यंत चार हातांतून गेलेला असे. पण हे जमलं ते दुसरीकडून धान्य आलं म्हणून. नुसत्या मजुऱ्या वाटल्या असत्या आणि बोटीतून मिलो उतरली नसती, तर ते रुपये भाव चढवण्याच्या कामी आले असते, आज्जीच्या लुगड्यासारखे. मागणी हातात देता येते, पुरवठा आधी कुठेतरी पिकलेला असावा लागतो.

पुढे अशा कामांना पैसा आला कुठून, हेही बघण्यासारखं आहे. महाराष्ट्राने 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची आणि ती गावाकडच्या रोजगार हमीला लावायची. रोजगार हमीची वि. स. पागे यांची कल्पना पुढे 26 जानेवारी 1979 पासून कायदा म्हणून लागू झाली. नरिमन पॉइंटच्या पगारपत्रकातली एक ओळ उमरग्याच्या आठवडे बाजारात कासाराच्या गल्ल्यात पडत होती. सरकारी तिजोरीबद्दल मी पुष्कळ वाईट बोलतो, पण या एका ओळीबद्दल नाही.

उलटी बाजू आमच्या अण्णांनी अनुभवली. अण्णा म्हणजे माझे चुलते, मास्तर. दुष्काळापाठोपाठ 1973 च्या अखेरीला तेलाचे भाव भडकले आणि 1974-75 मध्ये घाऊक किमती सरासरी 25 टक्क्यांनी चढल्या. दिल्लीने दोन्ही लगाम एकदम खेचले. जुलै 1974 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँक दर 7 वरून 9 टक्के केला, म्हणजे कर्ज महाग. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला : पगारवाढ झाली तर ती सगळी, आणि वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा हिस्सा सक्तीने सरकारात ठेव म्हणून जमा. लोकांच्या हातात पैसाच कमी ठेवला की मागणी बसेल आणि भाव खाली येतील, हा हिशेब. अण्णा पगाराच्या दिवशी कापलेल्या आकड्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायचे आणि आज्जांना दाखवायचे. आज्जा चष्मा वर करून म्हणायचे, "ह्ये तर लेव्हीच झाली की. तवा ज्वारी न्हेत व्हते, आता भत्ता."

1975-76 मध्ये भाव खरोखरच खाली आले. वर्षाची सरासरी शून्याच्या खाली गेली. लगामामुळे आले की त्या साली पाऊस चांगला झाला म्हणून आले, यावर अण्णा आणि आज्जा यांचं कधी जुळलं नाही. अण्णा दिल्लीच्या बाजूने, आज्जा मृगाच्या. माझं मत विचाराल तर आज्जांकडे झुकतं, पण लगामाचा वाटा मी नाकारत नाही. दोन्ही एकाच साली आलं, त्यामुळे श्रेय कोणाचं हे वेगळं काढता येत नाही.

पण ज्या गोष्टीमुळे मला हे सगळं पुन्हा आठवायला लागलं ती तूर. बिदर आणि कलबुर्गी, म्हणजे तेव्हाचं गुलबर्गा, हे तुरीचं आगर. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2014 आणि 2015 लागोपाठ पाऊस कमी झाला आणि 2015 च्या दसऱ्या-दिवाळीला शहरांत डाळ 200 रुपये किलोवर गेली. टीव्हीवर रोज डाळ. सरकारने साठ्यांवर मर्यादा घातल्या, आयात वाढवली, जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी तूर आणण्याचा करार केला. माझ्या चुलतभावाने, म्हणजे अण्णांच्या मुलाने, भाव बघून त्या मृगात सोयाबीन मोडून तूर टाकली. सगळ्या पट्ट्याने टाकली. पाऊसही पडला. देशात 2015-16 मध्ये जेमतेम 26 लाख टन तूर झाली होती, 2016-17 मध्ये ती 48 लाख टनांवर गेली.

त्यात 8 नोव्हेंबर 2016 ला नोटबंदी आली. तुरीच्या राशी डिसेंबर-जानेवारीत होतात, ऐन नोटाटंचाईत. अडत्याकडे घ्यायला पैसे नाहीत, शेतकऱ्याकडे ठेवायला जागा नाही, आणि बंदरात आफ्रिकेची तूर. हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये, बाजारात चार हजाराच्या आसपास. सरकारी खरेदी केंद्रावर रांगा लागल्या. भाऊ ट्रॅक्टर लावून दोन रात्री ट्रॉलीवरच झोपला. आज्जी असती तर म्हणाली असती, आता दुकानात लुगडं आहे आणि हातात पैसा नाही.

मुंबईत त्याच काळात नवी पतधोरण समिती बसू लागली होती. महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवायची, दोन टक्के इकडे-तिकडे चालेल, असं उद्दिष्ट तिला दिलेलं. जून 2017 ला महागाईचा आकडा दीड टक्क्यावर उतरला आणि ऑगस्टमध्ये रेपो दर 6 टक्के झाला. वर्तमानपत्रांनी टाळ्या वाजवल्या. त्या दीड टक्क्यात डाळींच्या पडलेल्या भावाचा हात मोठा होता. शहरातल्या गृहिणीची जी बचत म्हणून मोजली गेली, ती या पट्ट्यातल्या माणसाची त्या वर्षीची कमाई होती. आकडा एकच, पण तो कोणत्या रकान्यात लिहायचा हे वही कोणाची त्यावर अवलंबून.

दर खाली आल्याने भावाला काय मिळालं? सोसायटीचं पीककर्ज आधीच सवलतीच्या व्याजाचं, ते रेपोबरोबर हलत नाही. ट्रॉली विकली जाईपर्यंतचा घरखर्च त्याने खाजगीत शेकडा दोन रुपये महिन्याने उचलला होता, आणि त्या दरापर्यंत मुंबईची बातमी पोचत नाही. व्याजदराने घर, मोटार, कारखाना यांची मागणी हलते, हे कबूल. तुरीचं झाड त्याने लवकर वाढत नाही, की मोझांबिकची बोट उशिरा निघत नाही. आयातीवर शुल्क लागलं मार्च 2017 मध्ये, 10 टक्के. दोन लाख टनांची मर्यादा आली ऑगस्टमध्ये. तोवर भावाची तूर गेलेली होती.

पुढच्या मृगात त्याने तूर निम्म्यावर आणली. पुरवठा असाच वागतो. आजच्या भावाला तो पुढच्या वर्षी उत्तर देतो, आणि तोवर प्रश्न बदललेला असतो. डाळींचे भाव चढू लागल्यावर 2021 च्या मे महिन्यात तुरीची आयात पुन्हा मोकळी झाली. आता पेरणीआधी तो हवामानाच्या अंदाजाबरोबर परकीय व्यापार महासंचालनालयाची अधिसूचनाही मोबाइलवर मागवतो. ती इंग्रजीत असते, म्हणून मला फोन करतो. मी तारखा वाचून दाखवतो. तो विचारतो, "हे मार्चपर्यंतच आहे का पुन्हा वाढवतील?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बियाणाच्या पिशव्यांचा भाव सांगायला लागतो.